ययाति आणि आपण बापमंडळी

'ययाति' ही आता शाळा-कॉलेजच्या बक्षीस समारंभात वाटायची कादंबरी उरली आहे, असं ठामपणे सांगणारे लोक अलीकडे फार वाढले आहेत. सांगणारे दोन प्रकारचे. एक म्हणजे मराठी साहित्याचे जाणकार. त्यांच्या मते खांडेकर म्हणजे अलंकारांचा बाजार आणि उपदेशाचा डोस. दुसरे म्हणजे आपल्याच घरातली, इंग्रजी माध्यमात शिकलेली तरुण मंडळी. त्यांनी खांडेकर वाचलेले नसतात. पण श्रीमंती आणि प्रेम या विषयावरचा शेवटचा शब्द फिट्झजेराल्ड नावाच्या अमेरिकन लेखकाने 'द ग्रेट गॅट्सबी'मध्ये लिहून ठेवला आहे, असं त्यांचं मत असतं. मला आज या दोघांशीही भांडायचं आहे. लेख लांबणार आहे, तेव्हा मित्रहो, चहा घेऊनच बसा. आणि नातेवाईक मंडळींनो, तुम्ही मात्र शेवटपर्यंत वाचाच. शेवट तुमच्यासाठी आहे.

आधी गॅट्सबीबद्दल, म्हणजे 'आजोबांना काय कळतंय' असं कोणी म्हणायला नको. बी.ए. मराठी माध्यमातून झालेल्या माणसाने वाचावी तशी मी ती वाचली, म्हणजे शब्दकोश शेजारी ठेवून, सावकाश. पुस्तक छोटं आहे आणि चांगलं आहे. जेम्स गॅट्झ हा एका गरीब शेतकऱ्याचा मुलगा. तो आईबापांना आणि आपल्या नावालाही टाकून देतो आणि 'जे गॅट्सबी' बनतो. सैन्यात असताना त्याचं डेझी नावाच्या श्रीमंत घरच्या मुलीवर प्रेम बसतं. हा युद्धावर जातो आणि ती टॉम ब्यूकॅनन नावाच्या गडगंज माणसाशी लग्न करते. गॅट्सबी मग अमेरिकेतल्या दारूबंदीच्या काळात चोरटी दारू आणि असल्याच धंद्यांतून अफाट पैसा करतो, डेझीच्या घरासमोर खाडीच्या अलीकडे हवेली घेतो आणि रोज रात्री तिच्या धक्क्यावरचा हिरवा दिवा बघत बसतो. एवढ्या मेजवान्या देतो, की दर शुक्रवारी संत्र्या-लिंबांच्या पेट्या येतात आणि सोमवारी नुसत्या सालींचा ढीग मागच्या दाराने बाहेर जातो. शेवटी डेझीच्या हातून गाडीखाली एक बाई मरते, गॅट्सबी तो आळ स्वतःवर घेतो आणि मारला जातो. डेझी नवऱ्याबरोबर सामान बांधून निघून जाते. ज्याच्या मेजवानीला शेकडो लोक लोटत, त्याच्या अंत्ययात्रेला हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं.

हे पुस्तक १० एप्रिल १९२५ रोजी आलं. २०२५ मध्ये त्याला शंभर वर्षं झाली. पण गंमत अशी, की लेखकाच्या हयातीत ते फारसं चाललंच नाही. १९४० साली वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी फिट्झजेराल्ड वारला, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीच्या प्रती गोदामात पडून होत्या. पुढे दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना फुकट वाटायला ज्या पुस्तकांच्या खिशात मावणाऱ्या आवृत्त्या छापल्या, त्यांत हे होतं. लाखाहून अधिक प्रती गेल्या आणि मग पुस्तक वर आलं. पुढे शाळांत लागलं, त्यावर सिनेमे निघाले. २०१३ च्या सिनेमात तर आपले अमिताभ बच्चन वुल्फशाईम नावाच्या जुगाऱ्याच्या छोट्या भूमिकेत आहेत. आणि आता काय, तर लोक 'गॅट्सबी थीम'च्या मेजवान्या करतात! ज्या मेजवान्यांच्या पोकळपणावर माणसाने अख्खं पुस्तक लिहिलं, त्याच मेजवानीची नक्कल करून, तसेच कपडे घालून फोटो काढायचे. म्हणजे 'श्यामची आई' वाचून मुलाने आईवर डाफरायला शिकावं तसंच हे.

असो. तर सांगायचं म्हणजे, पुस्तक टिकलं म्हणून ते समजलं असं होत नाही. 'ययाति'चंही नेमकं तेच झालं आहे.

वि. स. खांडेकरांची 'ययाति' १९५९ साली आली. १९६० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला आणि १९७४ चा ज्ञानपीठ पुरस्कारही. मराठीला मिळालेलं ते पहिलं ज्ञानपीठ. तिची भाषांतरं अनेक भारतीय भाषांत झाली. आजही कुठल्याही पुस्तक प्रदर्शनात जा, खांडेकरांच्या नावाचा ढीग असतोच आणि त्यात वरती 'ययाति' असते. प्रती खपतात म्हणून तर घाऊक विक्रेता ठेवतो ना! मग 'आता कोण वाचतं' हा प्रश्न विचारणाऱ्याने आधी स्टॉलवाल्याला विचारावं.

'खपतं ते सगळं चांगलं का?' असं आता कोणी म्हणेल. बरोबर आहे, खपावर चांगलं-वाईट ठरत नाही. तसं असतं तर १९४० मध्ये गॅट्सबी वाईट आणि १९४५ नंतर चांगली, असं म्हणावं लागलं असतं. तेव्हा खपाचा मुद्दा मी मागे घेतो, पण जाणकारांनीही मग 'लोकप्रिय आहे म्हणून हलकी' हा आपला मुद्दा मागे घ्यावा. फिट्टंफाट.

आता जाणकारांचा पहिला आक्षेप: भाषा. खांडेकरांच्या गद्यात उपमा-उत्प्रेक्षांची गर्दी आहे, हे मलाही मान्य. माणूस एक उपमा देऊन थांबत नाही, दुसरी देतो, आणि तिसरी तयारच असते. वर्गात ती वाक्यं फळ्यावर लिहून अलंकार ओळखायला देणं फार सोपं जायचं. पण मला एक सांगा, गॅट्सबीचं गद्य काय वाण्याच्या यादीसारखं आहे? तेही नटलेलंच आहे. तिथे चंद्र, पाणी, संगीत, पांढरे पडदे, हिरवे दिवे यांची रेलचेल आहे. तिथे त्याला 'काव्यमय' म्हणायचं आणि इथे 'अलंकारांचा बाजार' म्हणायचं, हा कुठला न्याय?

आमच्या खान्देशचे भालचंद्र नेमाडे यांनी फडके-खांडेकरांच्या परंपरेवर कडक टीका केली, हे सगळ्यांना माहीत आहे. सांगवीचा हा माणूस आमचा अभिमान आहे. २०१४ चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं तेव्हा इकडे गावोगाव आनंद झाला होता. 'कोसला'ने मराठी कादंबरीला जमिनीवर आणलं, हेही खरं. पण नेमाड्यांनी खांडेकरांवर टीका केली म्हणून खांडेकर वाचायचेच नाहीत, असं जे त्यांचे चेले करतात, ते मला पटत नाही. नेमाड्यांनी निदान वाचून टीका केली. चेले न वाचता करतात.

दुसरा आक्षेप: उपदेश. 'ययाति' म्हणजे भोगाला अंत नाही, संयम पाळा, एवढा एक धडा आणि त्यावर चढवलेला चारशे पानांचा कपडा. हा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याला काही प्रमाणात स्वतः खांडेकर जबाबदार आहेत. प्रस्तावनेत त्यांनी ययातीला आजच्या सुखाच्या मागे लागलेल्या, तरीही अतृप्त असलेल्या माणसाचा प्रतिनिधी म्हटलं आहे. तेव्हापासून प्रत्येक जण तेवढंच वाक्य धरून बसला. परीक्षेत प्रश्न तोच, उत्तर तेच. कोणी तिला कामवासनेची कादंबरी म्हणतं आणि कोणी त्यागाची पोथी. दोघेही अर्धंच वाचतात.

मी म्हणतो, प्रस्तावना बाजूला ठेवा आणि नुसती गोष्ट बघा. या गोष्टीत किंमत कोण मोजतं?

नहुष राजा मातला, त्याला शाप मिळाला. शाप काय? त्याची मुलं कधी सुखी होणार नाहीत. गुन्हा बापाचा, शिक्षा मुलांना. त्यातला एक मुलगा यति रानात पळाला, दुसरा ययाति भोगात बुडाला. पुढे चला. शर्मिष्ठा ही राजाची मुलगी. दोन मैत्रिणींच्या भांडणात तिचा बाप वृषपर्वा शुक्राचार्यांच्या रागाला भ्यायला आणि पोटच्या पोरीला दासी करून देऊन मोकळा झाला. राज्य वाचलं, मुलगी गेली. पुढे चला. देवयानीच्या मनात कच होता. कच म्हणजे विद्येशिवाय हातात काही नसलेला तरुण. तो नाही म्हणाला, आणि मग तिने हस्तिनापूरची महाराणी व्हायचं ठरवलं. ते लग्न तिने सूड, मान आणि सिंहासन या हिशेबाने केलं, प्रेमाने नाही. आणि तिचा बाप? त्याने आपल्या तपश्चर्येचं सगळं बळ जावयाला म्हातारपणाचा शाप देण्यात खर्च केलं. शेवटी ययाति. अकाली म्हातारपण आलं, तेव्हा त्याने काय मागितलं? मुलाचं तारुण्य!

सगळ्या गोष्टीत एकच व्यवहार पुन्हा पुन्हा होतो आहे. थोरांची हौस, थोरांचा राग, थोरांची भीती, आणि बिल मुलांच्या नावावर. महाभारतात ययाति पाच मुलांपुढे हात पसरतो. चार नाही म्हणतात, त्यांना शाप मिळतो. पुरू हो म्हणतो, त्याला राज्य मिळतं. आपण कीर्तनात काय ऐकत आलो? पुरू हा आदर्श मुलगा. एकाही कीर्तनकाराने कधी विचारलं नाही, की ययाति हा कसला बाप?

खांडेकरांनी ते विचारलं. आणि कसं विचारलं ते बघा. त्यांनी कादंबरी एका निवेदकाच्या तोंडून सांगितलीच नाही. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा हे तिघंही 'मी' म्हणून आपापली बाजू मांडतात. कोर्टात तीन पक्षकार उभे राहावेत तसं. ययाति बोलतो तेव्हा त्याची दया येते. देवयानी बोलायला लागली की वाटतं, हिचंही काही चुकत नाही. शर्मिष्ठेचं ऐकलं की दोघांचाही राग येतो. निकाल वाचणाऱ्याने द्यायचा. नुसता उपदेश करायचा असता तर लेखकाने ही उठाठेव कशाला केली असती? एक ऋषी उभा करून त्याच्याकडून सांगून घेतलं असतं. (कच थोडा तसा आहे, कबूल. पण कचाला त्यांनी 'मी' म्हणायची परवानगी दिली नाही, हे लक्षात घ्या.)

गॅट्सबीतही हिशेब हाच आहे. टॉम आणि डेझी मोडतोड करतात आणि आपल्या पैशाच्या भिंतीआड जाऊन बसतात. मरतात ते गॅरेजवाला, त्याची बायको आणि गॅट्सबी. म्हणून ही दोन्ही पुस्तकं श्रीमंतीबद्दल आणि प्रेमाबद्दल असूनही खरा प्रश्न तिसराच विचारतात: मजा कोणाची आणि भरपाई कोणाची? माझ्या मते त्यांच्या टिकण्याचं कारण हेच आहे. हा प्रश्न कुठल्याच पिढीचा सुटत नाही.

फरक एवढाच, की अमेरिकेतला मुलगा बापाला टाकून मोठा होतो. गॅट्सबीच्या मरणानंतर त्याचा म्हातारा बाप येतो, खिशातून त्या हवेलीचा चुरगळलेला फोटो काढून लोकांना दाखवतो. मुलाने बापाला टाकलं, तरी बापाला त्याच्या घराचा अभिमान. वाचताना डोळ्यांत पाणी येतं. आपल्याकडे उलटं. आपल्याकडे बाप मुलाला सोडतच नाही. म्हणून माझ्या घरातल्या तरुण मंडळींना माझं सांगणं आहे, की गॅट्सबी जरूर वाचा, पण तुमची स्वतःची गोष्ट तिच्यात नाही. ती 'ययाति'त आहे.

आता कोणी म्हणेल, सर, हस्तिनापूर कुठे आणि शिरपूर कुठे? तर ऐका.

आपल्या भागात लग्न कसं व्हायचं? मांडव दारात, पंगत अंगणात, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी, पत्रावळीवर तुपाची धार. गावातल्याच बाया बट्ट्या करायच्या, गावातलीच पोरं वाढायची. हौस तेव्हाही होती, मानपानावरून रुसवेफुगवे तेव्हाही होते. त्या काळाला मी सोन्याचा मुलामा देत नाही. हुंडा तेव्हाही होता आणि १९६१ साली त्याविरुद्ध कायदा होऊनही तो राहिला. पण खर्चाला गावाची एक मर्यादा असायची. आता साखरपुडा लग्नासारखा, हळद साखरपुड्यासारखी आणि लग्न सिनेमासारखं. लग्नाआधी नदीकाठी फोटोचं शूटिंग. लॉन्स, डीजे, जेवणाचे चाळीस स्टॉल, त्यांतल्या तीसांवरचं अन्न रात्री उकिरड्यावर. गॅट्सबीच्या संत्र्यांच्या साली आठवतात ना? त्याच.

मास्तर आहे, तेव्हा गणित घालतोच. २०२५ साली सोन्याने दहा ग्रॅमला एक लाखाचा टप्पा ओलांडला. आपण हिशेबाला सोपं म्हणून एक लाखच धरू. जळगावच्या सराफ बाजारात जाऊन दहा तोळे घ्यायचे म्हणजे दहा लाख. मजुरी आणि कर वेगळे. आता कापूस. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे ८,११० रुपये हमीभाव जाहीर केला. व्यापाऱ्याकडे तोही मिळेल याची खात्री नाही, पण मिळाला असं धरा. दहा लाख भागिले ८,११०. उत्तर आलं १२३ क्विंटल. कोरडवाहू जमिनीत एकरी पाच क्विंटल धरले, तर पंचवीस एकरांचं वर्षाचं सगळं पीक. बियाणं, खत, फवारणी, वेचणी यांचा एक रुपयाही वजा न करता! आणि आपल्याकडे पंचवीस एकरवाले किती? पाच-पाच एकरवाले हा खर्च कुठून करतात, ते मला सांगायची गरज नाही. जमिनीचा तुकडा जातो, नाहीतर सोसायटीचं, बँकेचं, सावकाराचं कर्ज होतं.

आणि ते कर्ज फेडतं कोण? बाप साठीचा. सातबाऱ्यावर बोजा चढला की तो पुढे जातो मुलाकडे. लग्नात ज्याच्या डोक्यावर फेटा बांधून घोड्यावर बसवलं, तोच पोरगा पुढची दहा वर्षं सुरतेच्या नाहीतर पुण्याच्या कारखान्यात पाळ्या करून त्या घोड्याचं भाडं फेडत असतो. अहिराणीत मुलाला आपण किती मायेने 'आंडोर' म्हणतो. त्या आंडोरचं तारुण्य आपण मागून घेतलं आणि एका रात्रीत लॉन्सवर उधळलं. ययातीने निदान तोंडाने मागितलं होतं. आपण तेही करत नाही.

आता प्रेमाकडे येऊ. लग्नाच्या बाजारात आजकाल अट काय असते, ते सगळ्यांना माहीत आहे. मुलाला शेती हवी, पण मुलगा शेतात नको. गावोगाव तिशी ओलांडलेली शेतकऱ्यांची मुलं लग्नावाचून बसली आहेत. त्यावर पारावर बसलेले लोक मुलींना नावं ठेवतात: 'आजकालच्या पोरींना पैसाच दिसतो.' हीच माणसं डेझीला आणि देवयानीला नावं ठेवतात. मला हे अजिबात मान्य नाही. मुलीने हिशेब केला तर ती लोभी, आणि मुलाच्या बापाने हिशेब केला तर तो व्यवहारी, असं कसं?

देवयानीचं नीट बघा. तिच्याकडे स्वतःचं काय होतं? संजीवनी विद्या बापाची, आश्रम बापाचा. शर्मिष्ठेकडे काय होतं? राज्य बापाचं. एका वाक्यात ती राजकन्येची दासी झाली, म्हणजे ते राज्यही तिचं कधीच नव्हतं. ज्या मुलीच्या नावावर काही नसतं, ती नवऱ्याच्या नावावर काय आहे हे बघणारच. तिथे प्रेमाला जागा कुठून राहणार?

आणि आपण काय करतो? महाराष्ट्रात १९९४ साली आणि देशभर २००५ साली कायद्याने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. मग घरोघरी काय सुरू झालं? हक्कसोड! बहिणीला माहेरी बोलवायचं, साडीचोळी करायची, गोडाधोडाचं जेवण घालायचं आणि तलाठ्याच्या किंवा रजिस्ट्रारच्या कचेरीत नेऊन सही घ्यायची. सही दिली तर ती सोन्यासारखी बहीण, नाही दिली तर माहेर तुटलं. ज्या मुलीला जमिनीचा तुकडा द्यायचा नाही, तिच्या लग्नात दहा तोळे घालून गावाला दाखवायचे. हे दहा तोळे तिच्यासाठी नसतात हो, ते आपल्यासाठी असतात. वृषपर्व्याने मुलगी देऊन राज्य वाचवलं, आपण सोनं देऊन शेत वाचवतो.

'मग काय सर, सगळ्यांनी फकीर व्हायचं का?' हा नेहमीचा प्रश्न. नाही. श्रीमंतीला माझा विरोध नाही, आणि खांडेकरांनीही फकिरी हा उपाय सांगितलेला नाही. यति सगळं सोडून रानात गेला, तर त्याचंही त्यांनी फार वाईट चित्र काढलं आहे. पैसा कसा बाळगावा याचं उदाहरण शोधायला आपल्याला लांब जायला नको. इथून जवळच अमळनेर आहे. तिथल्या प्रताप शेटजींनी गिरणी काढली, पण नाव राहिलं ते शाळेमुळे आणि तत्त्वज्ञान मंदिरामुळे. त्याच शाळेत साने गुरुजी शिकवत होते. त्याच अमळनेरात १९४५ साली वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तिचीच पुढे विप्रो झाली. ज्यांनी तिचे शेअर घेऊन विसरल्यासारखे ठेवून दिले, ती साधी माणसं कोट्यधीश झाली. वर्तमानपत्रांनी त्यांच्या गोष्टी कितीतरी वेळा छापल्या. आणि कंपनीचे मालक अझीम प्रेमजी यांनी आपल्या संपत्तीचा मोठा हिस्सा शिक्षणासाठी देऊन टाकला. श्रीमंती पुढच्या पिढीच्या हातात गेली, की ती श्रीमंती. पुढच्या पिढीकडून ओढून आणली, की ती ययातीची श्रीमंती. फरक एवढा सोपा आहे.

दुसरा प्रश्न: 'हौसेला मोल नसतं सर, एकदाच तर लग्न होतं.' हौसेला मोल असतं. वर गणित करून दाखवलं, पुन्हा वाचा. आणि हौस कोणाची, ते एकदा मुलाला आणि मुलीला एकांतात विचारून बघा. त्यांनाच हौस असेल आणि ते स्वतःच्या कमाईतून करत असतील, तर करू द्या, मी आडवा येणार नाही. त्यांचं तारुण्य, त्यांचा पैसा. पण बहुतेक ठिकाणी उत्तर येतं: 'पप्पांची इच्छा आहे', 'लोक काय म्हणतील'. पुरूही असंच काहीतरी म्हणाला असेल. पण मुलगा हो म्हणाला म्हणून बापाला मागायचा अधिकार मिळतो, असं नाही. शाळेत एखादं गुणी पोर आपला डबा दुसऱ्याला देऊन टाकायचं, तेव्हा आम्ही डबा खाणाऱ्याचे कान धरायचो.

तिसरा प्रश्न तरुणांचा: 'मग या सगळ्यात आम्ही काय करायचं?' तुम्ही नाही म्हणायला शिका. महाभारतात नाही म्हणणाऱ्या चौघांना बापाने शाप दिला, पण त्यातल्या यदूच्या वंशात पुढे श्रीकृष्ण जन्माला आला. बापाच्या शापाने सगळं संपत नाही, एवढं लक्षात ठेवा.

आता नातेवाईक मंडळींसाठी. येत्या लग्नसराईत आपल्या भाऊबंदांत तीन लग्नं आहेत, आणि तिन्ही घरांतून आकडे माझ्या कानावर आले आहेत. नावं घेत नाही. माझं वय बघता मला बस्त्याला, साखरपुड्याला आणि लग्नाला अग्रपूजेचा मान मिळतो. तर मी आताच जाहीर करून ठेवतो. ज्या लग्नासाठी जमीन विकली किंवा गहाण टाकली आहे, त्या लग्नाला मी येणार नाही. ज्या घराने या वर्षी बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतलं आहे, त्या घरच्या मांडवात बसून मी सोन्याचं कौतुक करणार नाही. आणि जो कोणी रजिस्टर लग्न करून पन्नास माणसांना वरण-बट्टी खाऊ घालेल, त्याच्याकडे मी आदल्या दिवशीच मुक्कामाला जाईन, बट्ट्या थापायला सुद्धा बसेन. आहेर म्हणून 'ययाति'ची प्रत देईन. ती नवरानवरीसाठी नसेल. ती दोन्हीकडच्या व्याह्यांसाठी असेल.

हे वाचून कोणाला राग आला असेल तर खुशाल फोन करावा, मी घरीच असतो. फक्त आधी 'ययाति' वाचून करावा. प्रस्तावना सोडून.